पॅकेज सापडवून देणाऱ्यांचे आभार

कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये, राजारामपुरीतल्या क्लासमध्ये ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ला (पायथन या प्रोग्रामिंग भाषेला हवं ते पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, सापडत नाही तेव्हाची एरर) अडलेल्या पोरांशेजारी बसणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

तुम्ही नुसतं ‘परत इन्स्टॉल कर’ म्हणत नाही. जिथं एरर येते तिथंच ‘सिस.एक्झिक्युटेबल’, म्हणजे आत्ता कुठलं पायथन चालू आहे त्याचा पत्ता, छापायला लावता, कारण बहुतेकदा पॅकेज असतं, पण त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्याच पायथनमध्ये. म्हणून पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या नुसत्या ‘पिप’ कमांडऐवजी त्याच पायथननं ‘-एम पिप इन्स्टॉल’, ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) ‘%पिप’. नावांचा घोळही (कोडमध्ये एक नाव, इन्स्टॉल करताना दुसरं) तुम्हीच सोडवता: ‘सीव्ही२’साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’, ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट-लर्न’, ‘पीआयएल’साठी ‘पिलो’.

नव्या उबंटूवर (एक लिनक्स सिस्टिम) ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’, म्हणजे सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं इन्स्टॉल करू नका, अशी एरर आली की जबरदस्ती न करता ‘व्हेन्व’, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, बनवायला सांगता, हे तर फारच मोलाचं. सिस्टिमचं पायथन बिघडलं की दुरुस्ती जड जाते. आणि सगळं चालल्यावर ‘पिप फ्रीझ’चं आउटपुट, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांची व्हर्जनसकट यादी, ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ फाइलीत ठेवून घेता, त्याबद्दल वेगळे आभार.