‘सेटवर खूप मजा आली’ याच्या पुढचं कधी विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शुक्रवारची पुरवणी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. नव्या मराठी पिक्चरच्या कलाकारांवर तीन पानं, मोठे मोठे फोटो, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, सेटवर खूप धमाल केली, आमची एक फॅमिलीच झाली, सरांनी खूप सांभाळून घेतलं. दर शुक्रवारी नावं बदलतात, वाक्यं तीच. त्या पोरांचा यात काही दोष नाहीये, त्यांना दिवसभर या चॅनेलवरून त्या चॅनेलवर फिरवतात, पिक्चर अजून थेटरात लागलेला नसतो, पब्लिकमध्ये बसून त्यांनी स्वतः बघितलेला नसतो, मग अनुभव म्हणून ते सांगणार तरी काय.

माझी आई सत्तरच्या दशकात मराठी पिक्चरमध्ये छोटी छोटी कामं करायची. शेजारीण, हिरोची मावशी, पाणवठ्यावरची बाई, असली. नाव टायटलमध्ये कधी आलं, कधी नाही. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, ती रात्रीच्या एसटीनं कोल्हापूरला शूटिंगला जायची आणि चार-पाच दिवसांनी परत यायची, तोंड उन्हानं रापलेलं आणि डोळे लाल, कारण आउटडोअरला ते चंदेरी रिफ्लेक्टर सरळ डोळ्यावर मारायचे आणि पापणी लवू द्यायची नाही.

तिचा एक सीन आहे, मुलगा गेल्याची बातमी येते तेव्हा ती चुलीपुढे जेवत बसलेली असते. कच्ची फिल्म महाग, त्यामुळे टेक दोन किंवा तीनच मिळणार, पण रिहर्सल कितीही, आणि डायरेक्टरचा हट्ट की रिहर्सललाही खोटं खायचं नाही. आईनं त्या दिवशी सकाळपासून भाकरी आणि पिठलं खाल्लं, प्रत्येक वेळी भाकरी त्याच बाजूनं मोडायची, तेवढीच, असिस्टंट शेजारी बसून मोडलेल्या तुकड्याची कड बघायचा आणि नव्या भाकरीची तशीच मोडून ठेवायचा. आणि आई सांगते, सातव्या की आठव्या वेळेला तिला कळलं की घास तोंडात असताना रडू येतच नाही, आधी तो गिळावा लागतो, आणि तो गिळताना जे घशात दुखतं तेच खरं, मग ग्लिसरीन लावलं नाही तरी चालतं. तिनं डायरेक्टरला विचारलं, मी आधी घास गिळू का, तेवढे दोन-तीन सेकंद द्याल का. त्यांनी दिले. पिक्चर बघाल तर तो घास दिसतो, बाकी सीनमध्ये तिला एक वाक्य आहे.

पुढे मुंबईत डबिंग. कॅमेऱ्याचा आवाज एवढा असायचा की जागेवरचा साउंड वापरताच यायचा नाही, म्हणून ताडदेवच्या एका स्टुडिओत अंधारात उभं राहून तेच परत करायचं, फिल्मचा तुकडा लूप करून पडद्यावर फिरत राहणार, आपलंच तोंड परत परत दिसणार आणि त्या ओठांवर वाक्य बसवायचं. चूल नाही, भाकरी नाही, समोरची माणसं नाहीत. आई घरून डब्यात अर्धी भाकरी घेऊन गेली होती. घास तोंडात घेतला, गिळला, मग वाक्य बोलली, तेव्हा कुठे ओठ जुळले. म्हणजे त्या बाईनं एकाच मुलासाठी दोनदा शोक केला, आणि दोन्ही वेळा कसा केला ते तिला आज पन्नास वर्षांनीही पायरीपायरीनं सांगता येतं.

काही वर्षांपूर्वी एका पेपरचा (तुमचा नव्हे) मुलगा आला होता. अर्धा तास फोटो काढले, मग विचारलं की अमक्या हिरोचे किस्से सांगा, सेटवर ते खोड्या काढायचे का. छापून आल्या चार ओळी, त्याही हिरोबद्दल. आईनं पेपर घडी करून ठेवला, बोलली काहीच नाही. मला आजही ते आठवलं की त्रास होतो.

आणि हे काम पेपर-मासिकांनीच पूर्वी करून दाखवलंय हो! जुन्या काळच्या नटी हंसा वाडकर यांनी स्वतःची कहाणी सांगितली, लेखक अरुण साधूंनी ती शब्दात उतरवली आणि आधी ‘माणूस’ या नियतकालिकात छापून आली, १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी, १९७१ ला, बाई गेल्या. एक-दोन वर्षं उशीर झाला असता तर? त्याच पुस्तकावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी पिक्चर आला, त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ती स्मिता १९८६ च्या डिसेंबरात गेली, एकतीस वर्षांची. शांत बसून मागे वळून बघायचं वय तिला मिळालंच नाही. आणखी मागे जा, फाळक्यांच्या पहिल्या पिक्चरमध्ये, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, राणी तारामती झालेले साळुंके, हॉटेलात काम करणारा माणूस, १९१७ ला ‘लंकादहन’मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच. राम उतरवून सीता कशी चढवली, चाल कशी बदलली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं असतं तर आज आपण काय काय शिकलो असतो.

म्हणून माझी विनंती आहे. नव्या पिक्चरची पानं छापा, जाहिराती लागतात हे मलाही कळतं, पण त्याच कलाकारांकडे सहा महिन्यांनी, वर्षानं परत जा, पिक्चर चालला असो की पडला असो, आणि एकच सीन घेऊन विचारा, हा कसा केलात, काय जमलं नाही, कुणी काय सुचवलं. नटाला आपण काय केलं ते करताना कळत नाही, नंतर कळतं, आईला तर ते भाकरीचं सगळं, पिक्चर थेटरात बघितल्यावर, नीट उलगडलं असं ती म्हणते. आणि फक्त हिरो-हिरोईनकडे जाऊ नका. या मुंबईत गिरगाव, परळ, दादर, पार डोंबिवलीपर्यंत मावशी आणि शेजारीण झालेल्या बायका आहेत, हवालदार आणि पाटील झालेली माणसं आहेत, डबिंगला नुसता आवाज दिलेले आहेत, सगळे ऐंशीच्या घरात. महिन्यातून एक पान द्या त्यांना.

आई आता विसरायला लागलीय. परवा मला विचारत होती, पिठलं होतं की झुणका होता गं. सकाळी अकराच्या सुमाराला ती सगळ्यात छान बोलते, दुपारनंतर दमते. कुणाला पाठवणार असाल तर सकाळीच पाठवा, आणि व्हिडिओ करायला सांगा, कारण ती बोलताना हातानं भाकरी मोडून दाखवते आणि मधेच थांबते, तेव्हा घाई करायची नाही.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई