आजोबांमधला दुसरा न

प्रिय ताई,

मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला, इटालियन डबिंग कलाकाराला, वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही पहिल्याच दिवशी ‘तू म्हण’ असं बजावलंत आणि नाशिकच्या मुलीच्या तोंडून ते काही निघेना. इथे मनसोक्त अहो-जाहो करते.

मिलानमधल्या एका डबिंगच्या वर्गाने माझी फी घेतली, तीन महिने मागे बसवलं आणि शेवटी सांगितलं, ‘तुझा हेल जाणार नाही.’ नेमकं कुठे चुकतं, ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही. माझ्या ‘ज्ञानदा’ या नावाची तर त्यांनी परस्पर ‘जाना’ करून टाकली होती. ‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेतल्या उसागीचीही इटलीत ‘बनी’ झाली होती म्हणा!

तुम्ही मात्र आधी माझं नाव तीनदा विचारून नीट म्हणून पाहिलंत. 1982 साली इतालिया उनो या वाहिनीवर ‘लेडी ऑस्कर’ ही जपानी कार्टून मालिका लागायची, त्यात ऑस्करला आवाज देणाऱ्या चिंत्सिया दे कारोलिसचा तो आवाज ऐकून तुम्ही या धंद्यात आलात. तीस वर्षं ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पोरी, पोरं, चेटकिणी आणि एक बोलकं मांजर. चेहरा कुणी ओळखत नाही, कितीदा शेवटची श्रेयनामावलीही कापलेली. तरी नवख्या पोरीसाठी तुमच्याकडे वेळ होता.

मला एकच वाक्य होतं, आजोबांना हाक मारायचं. तेही ‘एफसी’, म्हणजे पात्र पडद्याबाहेर, ओठ जुळवायचीसुद्धा कटकट नाही. आणि मी ‘नोन्नो’ (आजोबा) ऐवजी ‘नोनो’ (नववा) म्हणत होते. आजोबांना ‘अहो नववे’! काचेपलीकडे दिग्दर्शक उसासे टाकत होता. तुमचं काम संपलेलं, घरी जायला मोकळ्या होतात. आत आलात, पेन्सिलीने माझ्या कागदावर दुसऱ्या न-खाली दोन रेघा मारल्यात आणि विचारलंत, तुमच्या भाषेत असं नसतं का?

असतं की. सखा आणि सख्खा. आयुष्यभर बोलत आलेय, लक्षात कधी आलं नव्हतं.

चूक हसल्याशिवाय दाखवणारी माणसं फार कमी भेटली मला. पण मला राहून राहून आठवतो तो दिवा. स्टँडवरचा तो छोटा दिवा तुम्ही किंचित वाकवलात, उजेड माझ्या ओळीवर आणलात आणि स्वतः मागे अंधारात जाऊन उभ्या राहिलात. दुसऱ्याच टेकला वाक्य झालं.

पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय. परत मागू नका.

तुमची,
ज्ञानदा