दिवा बंद करून बघायला लावलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायचे होते, पण धीर झाला नाही. म्हणून आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे. गॅस सेन्सरचे हीटर बनवायला आत्ता कुठे बसलेल्या कुणाच्या हाती हे पत्र पडलं, तर त्याच्या काही चिप नक्की वाचतील.

या सेन्सरमध्ये गॅस ओळखतो तो टिन ऑक्साइडचा थर, पण थंड असताना तो गॅस ओळखत नाही. तो २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवला, की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला, की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विद्युत रोध घसरतो. नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली जपानमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. अडचण तापवण्याची. सिरॅमिकच्या जुन्या सेन्सरला शेकडो मिलिवॅट लागतात, बॅटरीवर ते परवडत नाही. म्हणून मी सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, दीड मायक्रॉनसुद्धा जाड नसलेला पडदा चार बाहूंवर टांगला होता आणि त्याच्या मधल्या १०० मायक्रॉनच्या चौकोनावर प्लॅटिनमची नागमोडी रेघ काढली होती. तीच हीटर.

सिम्युलेशन सांगत होतं, की दोन मिलिवॅटच्या आतच ३०० अंश मिळतील. प्रत्यक्षात तेवढ्या वीजेला हीटर जेमतेम कोमट व्हायचा. मी करंट वाढवायचे, हीटर जळायचा. अकरा चिप गेल्या. बारावी लावली तेव्हा तुम्ही तुमचं काम सोडून माझ्या प्रोब स्टेशनपाशी, म्हणजे चिपला सुया टेकवून मोजायच्या यंत्रापाशी, येऊन उभ्या राहिलात.

‘आत्ता किती आहे?’

हीटरचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यावरून हिशेब करून मी सांगितलं, ‘४३० अंश.’

तुम्ही काही न बोलता मायक्रोस्कोपचा दिवा बंद केलात, मग खोलीतलाही. ‘आता बघ.’ अंधारात डोळा स्थिरावायला थोडा वेळ लागला. मग दिसला, मधोमध एक मंद लाल ठिपका, निखारा विझता विझता उरतो तसा.

‘अगं, ४३० ला काही लाल होत नाही. सव्वापाचशेच्या पुढे गेल्याशिवाय डोळ्याला लाली दिसत नाही.’

चूक गुणांकाची होती. प्लॅटिनमचा रोध अंशागणिक किती वाढतो याचा पुस्तकातला आकडा ०.००३८५. तो जाड तारेचा. माझा थर ०.२ मायक्रॉनचा, त्यात इलेक्ट्रॉन पृष्ठभागांवर आणि कणांच्या सीमांवर जास्त अडखळतात, त्यामुळे गुणांक कमी भरतो. तुम्ही मला चिप भट्टीत ठेवून पायरीपायरीने तापवायला लावलीत, प्रत्येक पायरीवर पुरेसं थांबून, आणि करंट इतका कमी की मोजताना चिप स्वतःहून तापू नये. दोन दिवस गेले त्यात. उत्तर आलं ०.००२५. म्हणजे मी ४३० समजत होते तेव्हा चिप सुमारे ६५० वर होती. प्लॅटिनमखालचं टायटॅनियम त्या तापमानाला वर सरकायला लागतं, थराच्या गाठी होतात आणि रेघ तुटते. चिप मी माझ्या हातानं जाळत होते.

पण खरं ऋण पुढचं आहे. तुम्ही कोरा कागद माझ्यापुढे सरकवलात आणि विचारलंत, ‘उष्णता जाते कुठून, ते लिही. हवा धरली आहेस का?’

धरली नव्हती. माझा हीटर सिम्युलेशनमध्ये निर्वात पोकळीत लटकत होता. आपण मिळून हातानं हिशेब केला. ३०० अंशांना चार बाहूंमधून पावणेदोन मिलिवॅट, आणि त्यातही निम्म्याहून जास्त बाहूच्या काचेसारख्या थरातून नाही, तर त्यावरच्या प्लॅटिनमच्या पातळ रेघेतून. प्रारणातून, म्हणजे उष्णतेच्या किरणांतून, जेमतेम ०.१. आणि वरखालच्या हवेतून साडेचार. हवेला आपण उष्णतेची दुर्वाहक म्हणतो, पण एवढ्याशा वस्तूभोवती सगळ्यात मोठी गळती तीच! पुढच्या डिझाइनमध्ये मेहनत वाचवायला मी पडद्याखाली फक्त २ मायक्रॉनची पोकळी ठेवणार होते. तुम्ही तोही आकडा काढून दाखवलात. एकट्या त्या फटीतून ५० मिलिवॅटच्या आसपास गेले असते. त्याच संध्याकाळी ठरलं, की खालचं सिलिकॉन मागून आरपार काढायचं.

बाकीचंही तुमच्याकडूनच आलं. पडद्यातला सिलिकॉन ऑक्साइडचा थर दाबाखाली असतो आणि सिलिकॉन नायट्राइडचा ताणाखाली, म्हणून दोन्ही थर मापात घातले की पडदा सुरकुतत नाही. रेघेची वळणं काटकोनात ठेवू नयेत, आतल्या कोपऱ्यात करंटची गर्दी होते. कडा लवकर निवतात म्हणून कडेची रेघ अरुंद ठेवावी. हे मी वहीत एका ओळीत लिहून घेतलं होतं. नंतर कळलं, की त्या एका ओळीमागे तुमची किती वर्षं गेली असतील.

माझं डिझाइन तुमच्या कामात मोडत नव्हतं. माझ्या प्रबंधावर तुमचं नाव यायचं नव्हतं. तरी तुम्ही चार संध्याकाळी दिल्यात, आणि एकदाही ‘एवढं कसं कळलं नाही’ असं म्हणाला नाहीत. मॅडम, मी तुमची मनापासून आभारी आहे.

नवी चिप आली आहे. सव्वासहा मिलिवॅटला ३०० अंश, तापायला काही मिलिसेकंद. परवा प्रोब टेकवल्यावर आधी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, मग खोलीतला, आणि डोळा स्थिरावेपर्यंत थांबले. काहीच दिसलं नाही. कितीतरी वेळ त्या अंधाराकडे बघत बसले.

तुमची कृतज्ञ,
प्रोब स्टेशनवरची विद्यार्थिनी