पिशवीचा तास : उद्यासाठी आठवण

नमस्कार मंडळी,

उद्याच्या तासाला मुलांना घरातल्या दोन-तीन कागदी पिशव्या आणायला सांगा. नव्याकोऱ्या नकोत, वापरून चुरगळलेल्याच हव्यात.

सुरुवातीला दुकानाच्या नावावर कागद चिकटवा आणि विचारा, ही पिशवी कुठली? रंग, अक्षरांचं वळण, बंद दोरीचा की कागदाचा, यावरून काही मुलं ओळखतील. नाही ओळखता आलं तर का नाही, यावरची चर्चा जास्त रंगते. उदाहरणाला अमेरिकेतल्या ब्लूमिंगडेल्सची १९७३ची तपकिरी पिशवी घ्या. तिच्यावर दुकानाचं नावच नव्हतं, 'बिग ब्राउन बॅग' एवढेच शब्द होते.

मग मुलांनी स्वतःची पिशवी तयार करायची. रंग दोनच. (गेल्या वेळी मी सहा चालवून घेतले आणि सगळ्या पिशव्या वाढदिवसाच्या भेटींसारख्या दिसल्या.) अक्षरं घडीत जात नाहीत ना, तळाच्या दुमडीत मजकूर लपत नाही ना, हे कागद कापायच्या आधी बघा. बाजूच्या पट्ट्याही विसरू नका. पिशवी हातात लटकली की चालणाऱ्याला बऱ्याचदा त्याच दिसतात. शेवटी दोन वह्या भरून उचलून पाहायची. बंद तुटला तर काम पुन्हा.

कात्र्या आणि डिंक मी आणतोय.