नवे भूखंड नंतर, आधी जुन्या वसाहतींची देखभाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्पाचे दिवस आले की औद्योगिक विकास महामंडळाला कोल्हापूरसाठी जादा निधी द्या, आणखी जमीन संपादित करा, अशी निवेदने मंत्रालयात जातात. निधी हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो कोणत्या शीर्षाखाली येतो यावर सगळे अवलंबून असते आणि निवेदनात नेमके तेवढेच नसते. नव्या भूखंडांसाठी आलेला पैसा जुन्या औद्योगिक वसाहतीच्या गटारीला लावता येत नाही. यंत्रासाठी आलेल्या अनुदानातून वीजबिल भरता येत नाही. कोल्हापूरच्या वसाहतींचे बहुतेक दुखणे या दोन गोष्टींत आहे.

हे औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, हे सरकारी तिजोरीतून चालणारे खाते आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९६१ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९६२ रोजी हे महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा गाडा मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नावर चालतो. शेतजमीन संपादित करायची, रस्ते, पाणी, दिवे यांची सोय करायची आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. भूखंड घेताना उद्योजक जे अधिमूल्य भरतो ती मोठी रक्कम, पण ती एकदाच मिळते. पुढे दरवर्षी येतात ते पाणीपट्टी, सेवाशुल्क आणि कधीमधी हस्तांतरणाचे किंवा पोटभाड्याचे शुल्क.

आता शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा हिशेब मांडा. दोन्ही वसाहती जुन्या, भूखंड जवळजवळ सगळे दिलेले. तिथून अधिमूल्याचे नवे उत्पन्न फारसे येणार नाही. रस्त्यांवरून मात्र पिग आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे), भंगाराचे, वाळूचे ट्रक वर्षाचे बारा महिने धावतात, पाइपलाइन गंजत जाते, गटारी भरत जातात. उत्पन्न आटलेल्या आणि खर्च वाढत्या वसाहतीकडे लक्ष देण्यापेक्षा नवी जमीन विकसित करणे कोणत्याही महामंडळाला सोयीचेच वाटणार. यात कुणा अधिकाऱ्याचा दोष नाही, जमाखर्चाची घडीच तशी बसलेली आहे. म्हणूनच सरकारने पैसा घालायचा असेल तर तो या जुन्या वसाहतींसाठी घालावा. नवी वसाहत आपल्या अधिमूल्यावर बऱ्यापैकी उभी राहते, जुनीला तो आधार उरलेला नसतो.

देखभाल म्हणजे उन्हाळ्यात खड्ड्यांत मुरूम टाकणे नव्हे. पहिल्या वळवाच्या पावसात तो मुरूम वाहून जातो आणि गटारीत जाऊन बसतो, म्हणजे दुहेरी नुकसान. वसाहतीतला डांबरी रस्ता खचतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, कडेची गटार रस्त्यापेक्षा उंच झालेली किंवा तुंबलेली असते, पाणी रस्त्याच्या पोटात मुरते आणि वरून चाळीस टनांचा ट्रेलर गेला की डांबर सुटते. दुसरे, पाण्याची लाइन, वीज केबल किंवा फायबर टाकायला चर खणतात आणि निघालेली माती एका दमात लोटून वरून पॅच मारतात. चर भरायचा तो पंधरा-वीस सेंटिमीटरचा एकेक थर टाकून, पाणी मारून, धुम्मस करून. एवढे झाले नाही तर तो सहा महिन्यांत बसतो आणि रस्त्यावर आडवी नाली तयार होते. अंदाजपत्रकात वरच्या डांबराचा दर असतो, चर भरण्याच्या दर्जाची तपासणी नसते. खोदाईची परवानगी देताना घेतलेली अनामत चराची घनता तपासल्याशिवाय परत करू नये. याला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, हे सर्वांना आठवत असेल. अशा वेळी वसाहतीतले पाणी बाहेर पडणार ते ओढ्यातून नदीकडे, आणि नदीच फुगलेली. त्यामुळे गटारींची नुसती सफाई पुरत नाही, त्यांच्या शेवटच्या मुखाची पातळी मोजून आराखडा करावा लागतो. हे काम एकट्या महामंडळाच्या हद्दीत बसत नाही. ग्रामपंचायत, महामार्ग प्राधिकरण, पाटबंधारे असे सगळे त्यात येतात आणि म्हणूनच त्याला राज्याचा वेगळा निधी लागतो.

विजेचे दुखणे बाहेरच्यांना कळायला अवघड, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. इथे फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, पुष्कळ आहेत. त्यांच्या इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेवरच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. भट्टीभोवतीची कॉईल तांब्याची असते आणि तिच्या आतून सतत पाणी फिरत असते. वीज गेली की हा पंप थांबतो, आत तर १,४०० अंशांच्या वरचा रस. त्यासाठी उंचावर टाकी ठेवून आपोआप पाणी सुटेल अशी सोय करतात, नाहीतर पंपापुरता जनरेटर ठेवतात. पाच-दहा मिनिटांत वीज आली तर निभावते. तासभर आली नाही तर रसावर साय धरते आणि ती घट्ट होते. मग वीज आल्यावर खालचा रस तापत जातो, वरची साय मात्र तशीच राहते. ही सर्वांत धोक्याची अवस्था. खाली अडकलेला रस लाइनिंग, म्हणजे भट्टीचे आतले अस्तर, खातो आणि कॉईलपर्यंत पोहोचला तर पाणी आणि वितळलेले लोखंड एकत्र येऊन स्फोट होतो. म्हणून रस वेळेत काढून ओतावा लागतो, ती हीट (एका वेळी वितळवलेला घाणा) वाया जाते, लाइनिंगला तडे जातात आणि पुढचे एक-दोन दिवस नवे लाइनिंग भरण्यात जातात.

हे टाळायला हवे ते साधे आहे. भट्टीवाल्या ग्राहकांसाठी स्वतंत्र फीडर (उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी), उपकेंद्रात एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर दुसऱ्याने भार उचलावा एवढी क्षमता, आणि फांद्या छाटण्याचे काम मे महिन्यात उरकणे. पण उपकेंद्राची जागा एका संस्थेची, यंत्रणा महावितरणची, निधी तिसऱ्या योजनेतून. जागा तयार असते तेव्हा निधी नसतो, निधी येतो तेव्हा निविदेचे दर जुने झालेले असतात. जिल्ह्यासाठी आलेल्या औद्योगिक निधीतला ठरावीक वाटा उपकेंद्र आणि फीडर या एकाच कामासाठी राखून ठेवला, तर ही टोलवाटोलवी बरीच कमी होईल.

आता सामायिक सुविधा केंद्रांबद्दल, म्हणजे अनेक लघुउद्योजकांनी मिळून चालवायच्या केंद्रांबद्दल, कारण सरकारी पैसा सर्वांत मोठ्या प्रमाणात इथेच येतो आणि इथेच अडकतो. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात, २०२२ च्या सुधारित नियमांनुसार, ५ ते १० कोटींच्या केंद्राला ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या केंद्राला ६० टक्के अनुदान मिळते. त्यासाठी किमान २० लघुउद्योगांनी मिळून कंपनी काढायची, आणि एकाकडे १० टक्क्यांहून जास्त भाग नको. ही अट योग्यच आहे, नाहीतर केंद्र एखाद्या मोठ्याच्या घशात जाते. पण मंजुरीनंतर खर्च वाढला तर तो केंद्र सरकार देत नाही आणि चालवण्यातल्या तुटीची जबाबदारीही घेत नाही. म्हणजे इमारत उभी राहते, यंत्र बसते आणि खरी परीक्षा सुरू होते तेव्हा मागे कुणी नसते.

फौंड्रीच्या जळक्या वाळूचे उदाहरण घ्या. एक टन कास्टिंगला (ओतीव मालाला) साच्यात चार-पाच टन वाळू लागते. ती फिरवून वापरतात, पण दर फेरीत बेंटोनाइटची (वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीची) मेलेली माती दाण्यावर चढत जाते, म्हणून काही वाळू बाहेर काढून तेवढी नवी घालावी लागते. नवी वाळू येते सिंधुदुर्गातून, कासार्डे-फोंड्याकडून, घाट चढून. बाहेर काढलेली काळी वाळू टाकायची कुठे, हा कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांचा जुना प्रश्न. पुनर्प्राप्ती केंद्रात ती चाळून, घासून, ६५०-७०० अंशांना भाजून पुन्हा वापरण्याजोगी करता येते. तंत्र सिद्ध झालेले आहे. बिघडते ते निरनिराळ्या प्रकारची वाळू एकत्र झाल्यावर. कोअर म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. शेल कोअरमध्ये वाळू राळेने बांधलेली असते, ती राळ भाजली की जळून जाते. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट करण्याच्या) पद्धतीच्या कोअरमधले सोडियम सिलिकेट जळत नाही, दाण्याला चिकटून राहते आणि भट्टीत वाळूचे ढेकूळ बांधते. एका फौंड्रीने सीओटूच्या कोअरचा चुरा मिसळून पाठवला की बाकी सगळ्यांची खेप बिघडते. वाळूत राळेचा अंश राहिला तर कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूने पडलेली छिद्रे) येतात आणि ते दिसतात मशिनशॉपमध्ये बोअर मारल्यावर, म्हणजे ओतकाम, वाहतूक, मजुरी सगळे होऊन गेल्यावर. एकदा असा जॉब परत आला की तो फौंड्रीवाला पुन्हा नव्या वाळूकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

त्यामुळे केंद्राला भट्टीइतकीच प्रयोगशाळा लागते. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा ओलावा आणि प्रकार, जाणाऱ्या प्रत्येक खेपेचा एएफएस नंबर (दाण्याची बारीकी), एलओआय (भाजल्यावर जळून जाणारा अंश) आणि पीएच तपासायला दोन्ही पाळ्यांत माणूस हवा. भाजण्याची भट्टी पाच टनांसाठी तापवा नाहीतर वीस टनांसाठी, तापायला लागणारा गॅस जवळपास तेवढाच. सुरुवातीला वाळू कमी येते, प्रतिटन खर्च वाढतो, खर्च वाढला म्हणून आणखी कमी येते. हे चक्र मोडायला दोन-तीन वर्षे लागतात. भांडवली अनुदान त्या दोन-तीन वर्षांच्या आधीच संपलेले असते.

राज्य सरकारने इथे उतरावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. केंद्र सुरू झाल्यापासून पहिली तीन वर्षे, तपासणीत उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक साहाय्य द्यावे आणि ते दरवर्षी कमी करत तिसऱ्या वर्षाअखेर थांबवावे. वाळू वेगळी करून न पाठवणाऱ्याला त्याचा लाभ नको. अशाने पैसा इमारतीला न जाता चालणाऱ्या कामाला जातो, आणि केंद्र चालले नाही तर सरकारचा पैसाही जात नाही.

उद्योजकांना जनतेचा पैसा कशाला, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पण कोल्हापुरात हे नवे नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी सूतगिरणीची पायाभरणी केली ती दरबारच्या पैशानेच. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तीही जनतेच्याच पैशातून. फरक एवढाच की ती नव्या आणि विस्तारित गुंतवणुकीला मिळते. चार कामगारांवर कोअर बनवणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. गटार, फीडर आणि वाळूचे केंद्र मात्र त्याला आणि मोठ्यालाही सारखेच उपयोगी पडते.

कोल्हापूर विभागासाठी वेगळे महामंडळ काढा, अशीही सूचना अधूनमधून होते. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ पूर्वी काढलेलेच होते, त्याचे काम केव्हाच थंडावले. नवी पाटी, नवे संचालक मंडळ आणि नव्या गाड्या यांवर खर्च होण्यापेक्षा आहे त्याच महामंडळाला वसाहतनिहाय जमाखर्च जाहीर करायला लावावे. शिरोलीतून सेवाशुल्क किती जमले, पाणीपट्टी किती, शिरोलीत रस्त्यावर, गटारीवर, दिव्यांवर किती खर्च झाले, हे एका पानात मावते. राज्याच्या एकत्रित ताळेबंदावरून ते कळत नाही. उद्योजक एकीकडे सेवाशुल्क भरतो आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीचा कर, तेव्हा दोन्हीकडचा हिशेब शेजारी शेजारी मांडला तर कोणते काम कुणाचे हा वाद निम्मा मिटेल. हे पान दरवर्षी एप्रिलमध्ये वसाहतीच्या कार्यालयाबाहेर लावावे, म्हणजे पावसाआधी काय राहिले ते मे महिन्यात विचारता येईल.

कळावे.

आपले,
शिरोली व गोकुळ शिरगाव वसाहतींतील काही लघुउद्योजक, कोल्हापूर