वाचा-उपचाराचे तास मोजा

महोदय,

पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनावरचा आपला लेख वाचला. हातापायांच्या व्यायामाला त्यात दीड रकाना आहे आणि बोलण्याला एक ओळ : ‘गरज वाटल्यास स्पीच थेरपी घ्यावी.’ गोळीचे नाव लिहून दिले आणि दिवसातून किती वेळा घ्यायची ते लिहिलेच नाही, तसे झाले. वाचा-उपचारावरचे अलीकडचे संशोधन बरेचसे या ‘किती’भोवतीच फिरते, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे ‘जीभ जड झाली’ म्हणतात आणि रुग्णाच्या जिभेला वेखंड-मध चोळायला घेतात. जीभ खरोखर लुळी पडली असेल तर उच्चार लडबडतो, पण शब्द बरोबर असतात, वाक्य पुरे असते, हात चालत असेल तर माणूस लिहूनही दाखवतो. वाचाघात, डॉक्टर ज्याला अफेझिया म्हणतात, ही वेगळी गोष्ट. त्यात शब्दच हाताला लागत नाही. लिहितानाही तीच अडचण, आणि ऐकलेलेही कमीअधिक निसटते. दोष मेंदूत, बहुधा डाव्या बाजूला. पॉल ब्रोका या डॉक्टरांनी फ्रान्समध्ये १८६१ साली मांडलेल्या रुग्णापासून हे माहीत होत गेले. वेखंडाने त्यावर काही होत नाही. उलट गिळण्यावर परिणाम झाला असेल तर तो मध-लाळेचा घोट श्वासनलिकेत उतरू शकतो. पेजेचेही तेच. निवळ पाणी आधी घशात धावते, शिते तोंडात मागे राहतात. ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. गिळणे तपासून घेतल्याशिवाय पेज पाजू नये.

आता ‘किती’. २०२२ साली ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात २५ चाचण्यांतील ९५९ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण आले. भाषेत सर्वाधिक सुधारणा दिसली ती एकूण २० ते ५० तास उपचार मिळालेल्यांत, तसेच आठवड्यातून तीन ते पाच दिवस उपचार मिळालेल्यांत. २० तास किंवा त्याहून कमी उपचारात ऐकून समजण्यात सुधारणा आढळली नाही. हा हिशेब इथे कोकणात लावून पाहा. देवगडचा रुग्ण महिन्यातून एकदा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो आणि पाऊण तास बसतो. वर्षाचे झाले नऊ तास. पावसात दरड आली की एखादी खेप तीही चुकते. मग घरचे म्हणतात, ‘स्पीच थेरपी केली, गुण नाही आला.’ गुण यायला ती पुरेशी झालीच नव्हती.

‘सहा महिन्यांत आले ते आले’ हेही सर्रास सांगितले जाते. जर्मनीत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत सगळ्यांच्या पक्षाघाताला सहा महिने उलटून गेले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिल्यावर त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले.

कोकणात आठवड्याला दहा तास कुठून आणायचे? सगळे मिळणार नाहीत. पण २०२२च्या त्याच विश्लेषणात, तज्ज्ञाने आखून दिलेला घरचा सराव आणि रुग्णाच्या नित्याच्या जगण्याशी जोडलेला उपचार यांचा संबंध चांगल्या सुधारणेशी दिसला. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठ आठवड्यांत ४० तास भरतात. ते तज्ज्ञाच्या बैठकीच्या तोडीचे नव्हेत, पण शून्याहून फार पुढे आहेत.

सराव म्हणजे ‘हे काय? सांग बघू’ अशी परीक्षा नव्हे. घरातल्या आठ-दहा वस्तू घ्या, त्याच पंधरवडाभर ठेवा. समजा बांगडा दाखवला. दहापर्यंत मनात मोजत गप्प राहा. बहुतेक घरी इथेच चुकते, दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी शब्द पुरवतो. नाही आले तर अर्थाची खूण द्या : मासा, तिरफळ घालून तिखले करतो तो. मग अपुरे वाक्य : ‘बाजारातून ताजो फडफडीत...’ मग पहिला आवाज : ‘बां...’ शेवटी तुम्ही म्हणा, त्यांना मागून म्हणू द्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारा. बांगड्याला ‘तारली’ म्हटले तर शब्द शेजारच्या घरात सापडला आहे, तिथे अर्थाची खूण उपयोगी. ‘बांडगा’ म्हटले तर शब्द सापडला आहे, आवाज उलटे झालेत, तिथे पहिला आवाज उपयोगी. कोणत्या खुणेवर शब्द आला ते वहीत लिहा. उपचारतज्ज्ञाला ती वही तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगते. ‘हो-नाही’च्या उत्तरावर मात्र विसंबू नका. वाचाघातात तेच दोन शब्द अदलाबदल होतात. प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा.

आणि सराव घरच्या बोलीतच करा. मालवणी बोलणाऱ्या आजींनी केरसुणीच्या चित्राला ‘वाडवण’ म्हटले, सुरमईला ‘इसवण’ म्हटले, तर ते बरोबर उत्तर आहे. छापील मराठीच्या तक्त्यावर त्याची चूक धरली तर आजार आहे त्याहून मोठा दिसतो.

एकाच गोष्टीवरून घरात भांडणे होतात. रुग्णाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण गणपतीत आरती शब्दन् शब्द म्हणतो. ‘मग बोलायला काय धाड भरली?’ तो सोंग करत नसतो. पाठ झालेले, चालीतले बोलणे बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने येते. नवे वाक्य जुळवण्याची वाट मोडलेली असते. आरती जरूर म्हणवून घ्या, पण तेवढ्यावर सराव संपवू नका.

मोबाइलवरच्या अॅपबद्दलही सांभाळून. ब्रिटनमधल्या २७८ रुग्णांच्या चाचणीत संगणकावरच्या सरावाने शब्द सापडणे सुधारले, संभाषण नाही.

शासनाकडे मागणी साधी आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद आहे, पण ते केंद्र वाढीत अडचणी असलेल्या मुलांसाठी. पक्षाघाताच्या प्रौढ रुग्णासाठी आठवड्यातले दोन दिवस तरी जिल्हा रुग्णालयात बांधून द्यावेत आणि मधले दिवस व्हिडिओ कॉलवर भागवावेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेले कायमचे वाचा-भाषा अपंगत्व धरलेले आहे, तरी घरचे फक्त हातापायाची टक्केवारी मोजून घेतात. अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळी बोलणेही तपासायला सांगावे. आणि घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘स्पीच थेरपी’ एवढेच न लिहिता त्यापुढे तास लिहावेत, आठवड्याचे आणि एकूण.

— एक वाचा-उपचारतज्ज्ञ, कणकवली