आधी काम विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे समजावलंत ते माझ्यापुरतं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. घरी दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हणून चौकशी करत फिरणारे माझ्यासारखे आणखीही असतील. दुकानात त्यांना आधी किंमत ऐकायला मिळते. तुम्ही मला आधी विचारलंत, "काम काय करायचंय?"

मी सांगितलं की आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांची पानं स्कॅन झाली आहेत. ती टेसरॅक्टमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढून त्यांतला मजकूर शोधता येईल असा करायचा आहे. तुमचा पुढचा प्रश्न होता, "एक पान वाचून होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं का?" नाही लागत, प्रत्येक पान स्वतंत्र. "मग एकेक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, फार वेगवान नसला तरी चालेल, पण कोअर पुष्कळ हवेत," तुम्ही म्हणालात. पुढचा सगळा हिशेब त्या एका वाक्यातून सुटत गेला.

तरीही दोन प्रोसेसरना तुम्ही लगेच होकार दिला नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. १९९९ साली अबिट कंपनीच्या बीपी६ बोर्डावर दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बसवून हौशी लोकांनी घरी दोन प्रोसेसर कसे चालवले, ते तुम्ही किती रंगून सांगितलंत! विंडोज ९८ ला त्यातला एकच दिसायचा, म्हणून विंडोज एनटी नाहीतर लिनक्स टाकावं लागे. आणि मग तुम्हीच म्हणालात की २००५ मध्ये एकाच चिपवर दोन कोअर घरगुती बाजारात आले आणि घरात दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा, ठेवायचं कारणच बहुतेकांपुरतं संपलं. आज १६ कोअरचा एकच प्रोसेसर मिळतो, त्याचा एकेक कोअर जुन्या झिऑनपेक्षा (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरपेक्षा) बराच वेगवान असतो आणि वीजही कमी लागते. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग असतं तर तुम्ही मला तिकडेच पाठवलं असतंत. आमच्या बाबतीत पारडं फिरलं ते पैशांमुळे आणि रॅममुळे. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले प्रोसेसर आणि त्यांची रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरसाठीची, चुका पकडणारी) रॅम सेकंडहँड बाजारात नव्याच्या मानाने खूप स्वस्त पडते, आणि वर्गणीतून चाललेल्या कामाला तेच परवडणार होतं.

झिऑन ई५-२६८० व्ही४ हे नाव तुम्ही सुचवलंत, पण नुसतं नाव देऊन सोडलं नाहीत. त्यातल्या '२६' मधला २ म्हणजे दोन सॉकेटपर्यंत चालतो. '१६' ने सुरू होणारा ई५ दिसायला तसाच असला तरी जोडीने चालणार नाही. २०१६ ची ही चिप, १४ कोअर, २८ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), १२० वॅट. दोन मिळून २८ कोअर. व्ही१ आणि व्ही२ या पिढ्यांचं सॉकेट २०११, व्ही३ आणि व्ही४ यांचं २०११-३. पिना तितक्याच, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. 'कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेली चिप कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती चाचणीसाठी काढलेली असते, हेही तुमचंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका काउंटरवर नेमकी तशी जोडी माझ्यासमोर ठेवली गेली. मी ती परत सरकवली आणि मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला.

मदरबोर्डवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात आणि तो सत्कारणी लागला. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून काढलेले बोर्ड स्वस्त असतात, पण त्यांना त्यांच्याच एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वेगळे प्लग लागतात आणि ते साध्या कॅबिनेटमध्ये नीट बसतही नाहीत. म्हणून सुपरमायक्रोचा एक्स१०डीआरआय हा बोर्ड ठरला. तो १२ बाय १३ इंचांचा, म्हणजे नेहमीच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये मावत नाही. कॅबिनेट घ्यायच्या आधी पट्टी घेऊन मोजा, असं तुम्ही बजावलंत. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असेल तर त्यावर व्ही४ सुरूच होत नाही, म्हणून विकणाऱ्याकडून बायोसची आवृत्ती आधी विचारून घ्यायची. आणि सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागायचा, कारण पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. एक पिन वाकलेली असली तरी कधी कधी मशीन सुरू होतं, फक्त रॅमची एखादी पट्टी गायब असते, आणि माणूस आठवडाभर रॅमलाच दोष देत बसतो. पहिल्या विक्रेत्याने पाठवलेला फोटो मोठा करून तुम्हीच मला डाव्या कोपऱ्यातली वाकडी पिन दाखवलीत. तो बोर्ड घेतला असता तर सगळं कामच रखडलं असतं.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची अडचण तर माझ्या स्वप्नातही आली नसती. या सॉकेटभोवतीची भोकं दोन प्रकारची असतात: चौरस मांडणीत ८० बाय ८० मिलिमीटर, अरुंद मांडणीत ५६ बाय ९४. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही, दोन्हींसाठी बसवायच्या पट्ट्या सोबत आल्या असतील तरच जमतं. तुम्ही सांगितलंत म्हणून मी बोर्डावर पट्टी ठेवून मोजलं आणि मगच ऑर्डर दिली.

रॅमच्या बाबतीत तुमचं सांगणं मी वहीत जसंच्या तसं उतरवलंय. प्रत्येक प्रोसेसरला रॅमकडे जाणारी स्वतःची चार चॅनेल असतात. सगळी रॅम एका बाजूला भरली तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या विहिरीवर पाण्याला जावं लागतं. म्हणून ८ जीबीच्या आठ पट्ट्या, चार इकडे, चार तिकडे, एकूण ६४ जीबी. स्टिकरवर २४००टी च्या पुढे 'आर' (म्हणजे रजिस्टर्ड) असलेल्याच घ्यायच्या. 'एल' किंवा 'यू' वाल्या त्यांत मिसळायच्या नाहीत. पीसीआय स्लॉटही असेच वाटलेले असतात, त्यामुळे एकच प्रोसेसर लावून "दुसरा पुढच्या वर्षी" म्हटलं तर निम्म्याच्या आसपास बोर्ड झोपून राहतो.

एसएमपीएसला प्रोसेसरसाठीचे आठ पिनांचे दोन प्लग हवेत. ग्राफिक्स कार्डाचा प्लगही आठ पिनांचा असतो, पण त्याच्या तारा उलट्या असतात; तो जबरदस्तीने खुपसायचा नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. ग्राफिक्स कार्ड मात्र घ्यायचंच नाही, बोर्डावरचं साधं व्हीजीए पुरे. ते पैसे चांगल्या यूपीएसला लावा म्हणालात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते-येते ते तुम्हाला पुण्यात बसून कसं कळलं, देव जाणे!

विजेचा हिशेबही तुम्हीच मांडलात. पूर्ण भारावर साडेतीनशे वॅट धरा, रात्री दहा तास चाललं तर साडेतीन युनिट, म्हणजे महिन्याला शंभरावर युनिट, आणि घरचं बिल महावितरणच्या ३०१ युनिटच्या पुढच्या महाग टप्प्यात जाऊ शकतं. म्हणून आता पानांचा गठ्ठा साठवून एकदम लावतो आणि झाला की मशीन बंद करतो.

असेंबल केल्यावर पंखे सतत जोराने वाजत-थांबत होते, तेव्हा रात्री साडेदहाला तुम्ही फोन उचललात. मंद फिरणारा पंखा बिघडलाय असं बोर्डाला वाटतं, म्हणून तो सगळ्यांना पूर्ण वेगाने पळवतो. पंख्याच्या वेगाची खालची मर्यादा कमी करून द्या, म्हणालात. ती बदलणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रामची ओळ तुम्ही अक्षर अक्षर सांगितलीत आणि घर शांत झालं. टेसरॅक्ट एकाच पानावर चार थ्रेड खर्च करतं, ते एकावर आणून एकाच वेळी जास्त पानं सोडायची, हा तुमचा सल्ला तर कुठल्याही सुट्या भागापेक्षा मोलाचा ठरला. विंडोजच्या होम आवृत्तीला एकच प्रोसेसर दिसतो, त्यामुळे आम्ही लिनक्सच टाकलं. दोन्ही प्रोसेसर आणि सगळी रॅम पहिल्याच दिवशी दिसली.

निर्णयसागरी (निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या वळणाच्या) टाइपातली जोडाक्षरं अजून चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात. पण मासिकांच्या ज्या अंकांना वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता, त्यांत आता शब्द टाकून लेख शोधता येतो. परवा एक आजी आल्या होत्या, वडिलांची कविता सापडते का बघायला. सापडली.

तुमचे पणजोबा मासिकांना पत्रं पाठवत असत, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. त्यांचं पूर्ण नाव आणि गाव कळवाल का? नावाच्या आधी रावसाहेब किंवा रा. रा. असं काही लावत असतील तर तेही सांगा. पुढचा गठ्ठा शनिवारी लावतोय, त्यानंतर लगेच शोधतो.

आपला ऋणी,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता
सातारा जिल्हा